विंडोज, लिनक्स आणि मॅक: तिघांना एकच प्रिंटर कसा जोडायचा

आमच्या गोव्यात देवस्थानची कचेरी घ्या, नाट्यमंडळ घ्या नाहीतर गावातलं वाचनालय, चित्र बऱ्याच ठिकाणी सारखंच दिसतं. हिशेबाचा कॉम्प्युटर विंडोजवर, कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर कुणीतरी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलेलं, समितीतला एखादा पोरगा मॅकबुक घेऊन येतो, आणि प्रिंटर मात्र एकच, तोही यूएसबीवाला. मग पेनड्राइव्ह घेऊन इकडून तिकडे फिरायचं. जत्रा तोंडावर आली की पावत्या, आमंत्रणपत्रिका, रात्रीच्या नाटकाच्या संहिता सगळं एकदमच छापायचं असतं, तेव्हा हे काम आधीच करून ठेवा, खरंच खूप त्रास वाचतो.

पहिल्यांदा प्रिंटरची मागची बाजू बघा. लॅनचं पोर्ट आहे किंवा वायफाय आहे तर तो सरळ राउटरला जोडा, मध्ये कुठला कॉम्प्युटर नकोच. खोक्यावर एअरप्रिंट (ॲपलची थेट छपाईची सोय) लिहिलेलं असेल तर मॅक आणि आताचं लिनक्स त्याला ड्रायव्हरशिवायच, म्हणजे प्रिंटरचं वेगळं सॉफ्टवेअर न टाकता, ओळखतात, विंडोजलाही बहुतेक वेळा तो आपोआप सापडतो.

नुसताच यूएसबी असेल तर माझं स्पष्ट मत, प्रिंटर लिनक्सवाल्या पीसीला जोडा, विंडोजला नको. कारण सांगतो. लिनक्सवर छपाईचं काम कप्स नावाची सिस्टीम करते, ती १९९९ पासून आहे, आणि मॅकमध्येही २००२ पासून तीच आहे, म्हणजे ही दोघं आधीपासूनच एक भाषा बोलतात. ती भाषा म्हणजे आयपीपी, आणि ती विंडोजलाही येते. उलट केलं, म्हणजे विंडोजवरून शेअर केलं, तर युजरनेम, पासवर्ड, परवानग्या यांची कटकट सुरू होते, आणि २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली (छपाईची कामं सांभाळणाऱ्या भागातली) मोठी सुरक्षा-त्रुटी बंद करताना जे अपडेट आले त्यानंतर कितीतरी ठिकाणी चालू असलेलं शेअरिंग ११बी वर संपणारा एरर देऊन बंद पडलं.

आता उबुंटूवर काय करायचं. ब्राउझर उघडून लोकलहोस्ट, मग कोलन, मग ६३१ असं टाका, कप्सचं पान येईल. वरच्या ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जाऊन प्रिंटर ॲड करा, नाव देताना स्पेस देऊ नका, सगळं छोट्या अक्षरांत जोडून लिहा कारण हेच नाव पुढे विंडोजमध्ये हाताने टाइप करायचं आहे. "शेअर धिस प्रिंटर" वर टिक करा, आणि त्याच ॲडमिनिस्ट्रेशनच्या पानावर "शेअर प्रिंटर्स कनेक्टेड टू धिस सिस्टीम" हेही टिक करा. दोन्ही टिक लागतात, एक राहिली तर प्रिंटर बाकीच्यांना मिळत नाही. पासवर्ड देऊनही पान आत घेत नसेल तर तुमचा युजर एलपीॲडमिन ग्रुपमध्ये, म्हणजे प्रिंटर बदलायची परवानगी असलेल्यांत, नाही, त्यात घाला. फायरवॉल चालू असेल तर ६३१ टीसीपी आणि ५३५३ यूडीपी हे दोन पोर्ट उघडा.

मॅकवर जवळपास काहीच करावं लागत नाही, प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ॲड दाबलं की यादीत नाव दिसतं, निवडा, झालं. दुसऱ्या लिनक्सवरही तसंच.

विंडोजवर थोडं काम आहे. प्रिंटर ॲड करताना तो शोधत बसतो, तेव्हा थोडं थांबा, "मॅन्युअली" चा पर्याय येतो तो घ्या आणि शेअर्ड प्रिंटर नावाने निवडायच्या रकान्यात पत्ता टाका: एचटीटीपी, कोलन, दोन स्लॅश, लिनक्स पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता), कोलन, ६३१, स्लॅश, प्रिंटर्स, स्लॅश आणि मघाशी दिलेलं नाव. हे सगळं अर्थात इंग्रजीत, आणि प्रिंटर्स मधला शेवटचा एस विसरू नका. मग ड्रायव्हर विचारतो, तिथे कंपनीचा ड्रायव्हर न घेता जेनेरिकखालचा एमएस पब्लिशर इमेजसेटर निवडा. तो पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं ते सांगणारी एक सामाईक भाषा, पाठवतो, आणि पुढे तुमच्या प्रिंटरला कळेल असं रूपांतर कप्स करतं. कागदावर नुसती चिन्हं आणि अर्धवट ओळी यायला लागल्या तर समजा ड्रायव्हर चुकलाय.

एवढं झालं की सगळं चालतं, आणि मग पावसात एकदा वीज जाते आणि परत आल्यावर विंडोज म्हणतं प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटर ठीकच असतो, राउटर पुन्हा चालू होताना त्याने लिनक्स पीसीला वेगळा आयपी दिलेला असतो आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतं. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन करून त्या पीसीला कायमचा एक आयपी बांधून द्या, हे पहिल्याच दिवशी करा. त्या पीसीचं स्लीपही बंद ठेवा. एचपी लेझरजेट १०२० सारखा प्रिंटर असेल तर आणखी एक गोष्ट, त्याचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आत साठत नाही, दर वेळी वीज आली की कॉम्प्युटरकडून नव्याने चढवावं लागतं, म्हणून उबुंटूवर एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) आणि त्याचं प्लगइन दोन्ही टाका, म्हणजे ते आपोआप होतं.

मराठी मजकुराबद्दल, वर्डची फाईल दुसऱ्या मशीनवर उघडून छापू नका. तो फॉन्ट तिथे नसला की पानांची मांडणी हलते, आणि जुना नॉन-युनिकोड फॉन्ट असेल तर पावतीवरचं "श्री" वाचताही येत नाही. जिथे टाइप केलं तिथेच पीडीएफ करा, फॉन्ट आत बसतो, मग कुठूनही छापा.

पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय ठेवलं असेल तर त्यावरून प्रिंटर दिसणार नाही, ते तसंच राहू द्या, छापायचं असेल त्याला मुख्य वायफायवर घ्या. आणि घरून छापता यावं म्हणून राउटरवर ६३१ पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला अजिबात उघडू नका, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कप्समधल्या अशाच त्रुटी बाहेर आल्या होत्या, तेव्हा त्या पीसीचे अपडेटही चालू ठेवा.