पहिल्या पाळीचे बाबा: अटेंडंट मावश्यांना डिमेन्शियाचं काम कसं शिकवावं

मी नर्स. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या अटेंडंट मावश्यांचे वर्ग दादरला घेते. पहिल्याच दिवशी मेंदूचं चित्र लावू नका, दहीभात आणा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने डोळे मिटायचे, दुसरीने अवाक्षर न काढता भरवायचं. तिसऱ्या घासाला कुणीतरी ओठ गच्च मिटतेच. 'आजी तोंडच उघडत नाहीत' म्हणणारीचंच तोंड उघडत नाही, मग वर्गात हशा पिकतो. पिकू द्या. नंतर पुन्हा तेच, पण समोर बसून, बोलून: "दहीभात आहे, घेता का?" घास गिळला का ते बघून पुढचा.

इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात डिमेन्शियाचा अभ्यास करणारे टॉम किटवुड आजाराआधी माणूस बघा म्हणायचे. आमच्याकडे ब्युरोचा, म्हणजे मावश्या पुरवणाऱ्या एजन्सीचा, फोन येतो तो असा: 'पेशंट मेल, ७९, डायपर, बारा तास.' यात माणूस कुठे शोधायचा? म्हणून घरच्यांकडून एक पान भरून घ्यायला शिकवा: हाक काय मारायची, गाव कुठलं, काम काय केलं, चहा कपात की बशीत, भीती कशाची.

लालबागच्या एका चाळीतले बाबा पहाटे साडेपाचला दार बडवायचे. मावशी कडी लावून सांगायची, "बाबा, गिरण्या कधीच्याच बंद झाल्या." आणि फटके खायची. पानावर एवढंच आलं: गिरणीत साचेखातं (मागांचा विभाग), पहिली पाळी, १९८२च्या संपानंतर काम नाही. वर्गात मी बाबा झाले, दार बडवलं. दोनदा ती कडीकडेच धावली. तिसऱ्यांदा थांबली.

"कुठली पाळी, बाबा?"

"पहिली."

"किती साचे सांभाळायचात?"

आता घरी ती त्यांना डबा हातात देते, गॅलरीच्या टोकापर्यंत सोबत जाते. परत येऊन दोघं त्याच डब्यातले पोहे खातात.

"म्हणजे खोटं बोलायचं का, सिस्टर?" हा प्रश्न दर बॅचला येतो. गिरणी चालू आहे असं सांगू नका, गिरणीबद्दल विचारा. मला तरी यापेक्षा चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

आंघोळीचा सराव कपड्यांनिशीच करा: खांद्यावर टॉवेल, पाणी आधी पायांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी.

रोजच्या नोंदींच्या वहीत 'हट्टी', 'आक्रमक' हे शब्द चालणार नाहीत. आधी काय घडलं ते लिहायचं. एक-दोन दिवसांत माणूस एकदम बदलला, जास्तच गोंधळला किंवा नुसता झोपून राहिला, तर 'आजारच तसा' म्हणून सोडू नका. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, दुखणं, नवीन गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं.

आणि वर्गाच्या दिवसाचा बुडालेला रोज, म्हणजे त्या दिवसाची मजुरी, मावश्यांना भरून द्या. पहिल्या वर्षी मी दिला नव्हता. बारा जणींनी नाव नोंदवलं, आल्या तिघी.