जोखमीची भीती वाटते? आधी या चुका तपासा

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला. त्याच आठवड्यात मी माझी एसआयपी, म्हणजे शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडाचा दरमहाचा हप्ता, बंद केली आणि जमलेली सगळी युनिट तोट्यात विकून टाकली. नोव्हेंबरात सेन्सेक्सने जानेवारीतला उच्चांक ओलांडला, तेव्हा मी बाहेर होतो. आपल्यात धाडस नाही, असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. नंतर हिशेब मांडला तेव्हा कळलं, त्या रकमेत जूनमध्ये भरायची मुलीची फी होती. म्हणजे भीती बरोबरच होती. पैसे चुकीच्या जागी होते.

म्हणून भीती वाटली की मन घट्ट करण्याआधी एवढंच विचारा: हे पैसे मला कधी लागणार आहेत? दोन-तीन वर्षांत लागणार असतील तर ते शेअर बाजारात नकोतच.

तेजीत हिंमत मोजणे

बाजार चढत असताना ‘२० टक्के पडझड सोसाल का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. टक्के बोचत नाहीत, रुपये बोचतात. पाच लाखांचे चार लाख झाले, हे कागदावर लिहा आणि घरच्यांना दाखवा. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनानुसार, तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा जवळपास दुप्पट असतं. ते सोसत नसेल तर रक्कम कमी करा. त्यात कमीपणा काही नाही.

पैसे ठेवीत आहेत, म्हणजे जोखीम नाही असं मानणे

महागाई ६ टक्के धरली तर आजच्या १०० रुपयांच्या किराण्याला बारा वर्षांनी २०० रुपये लागतात. कर वजा जाता तुमचं व्याज तिथवर पोचतं का, पाहा. आपल्याकडची दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. शेअर बाजाराचं नाव काढलं की घाबरणारी माणसं, एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी गावातल्या पतसंस्थेत ठेवतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. ओळखीचा माणूस संचालक आहे, हे तारण नव्हे.

भीती मोडायला थेट ऑप्शनमध्ये उतरणे

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या मुदतीच्या सौद्यांमधल्या) १०० पैकी ९३ वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. तिथे पोळलेला माणूस मग साध्या इंडेक्स फंडालाही, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडालाही, हात लावत नाही.

२०२१ मध्ये मी पुन्हा सुरुवात केली. सहा महिन्यांचा घरखर्च आणि वर्षाची फी आधी बँकेत बाजूला ठेवली. उरलेल्यातून, सात वर्षं हात लावावा लागणार नाही एवढाच हप्ता ठरवला. जून २०२२ मध्ये बाजार पुन्हा पडला. हप्ता नेहमीप्रमाणे पाच तारखेला गेला.