हंगामाआधी डोमेनच्या एमएक्स नोंदी तपासताना

देवगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात मार्चपासून हापूसची विचारणा वाढते. स्वतःच्या डोमेनवर मेल चालवणाऱ्या बागायतदारांनी एमएक्स नोंदींची (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणाऱ्या नोंदींची) तपासणी फेब्रुवारीतच उरकावी आणि पेट्या भरण्याच्या घाईत त्यांना हात लावू नये.

सर्वप्रथम डोमेनचे नेमसर्व्हर (त्याच्या नोंदींविषयी बाहेरच्यांना उत्तर देणारे सर्व्हर) कोणाकडे आहेत हे पाहावे. डोमेन एकीकडे, संकेतस्थळ दुसरीकडे आणि मेल तिसरीकडे अशी विभागणी छोट्या व्यवसायांत सर्रास असते. मग ज्या पॅनेलचा पासवर्ड हाताशी आहे तिथेच नोंद बदलली जाते आणि उत्तर देणारा नेमसर्व्हर वेगळाच असल्यामुळे बाहेर कोणालाच ती दिसत नाही. म्हणून ‘डिग’ किंवा ‘एनएसलूकअप’ या आज्ञेने आधी एनएस नोंदी (नेमसर्व्हरची नावे) काढाव्यात आणि त्यातल्याच नेमसर्व्हरकडे थेट एमएक्सची चौकशी करावी. माझ्या मते एवढे झाल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मिळालेले उत्तर उतरवून घ्यावे. 10 आणि 20 अशा प्राधान्यक्रमाच्या दोन नोंदी असतील तर मेल आधी कमी आकड्याकडे, म्हणजे 10 कडे जाते. जुन्या कंपनीची नोंद 20 वर पडून असेल तर पहिला सर्व्हर बंद असताना पत्रे तिकडे वळतात, म्हणून ती काढून टाकावी. नोंदीत आयपी पत्ता नको, सर्व्हरचे नाव हवे, आणि ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारे टोपणनाव) नसून त्याला स्वतःची ए किंवा एएएए नोंद (आयपी पत्ता देणारी) हवी. झोन फाइल (डोमेनच्या नोंदींची फाइल) हाताने लिहिलेली असल्यास नावाअखेरचा टिंब पाहावा. तो सुटला की ‘मेल.उदाहरण.इन.उदाहरण.इन’ असे भलतेच नाव तयार होते.

नोंद बदलायचीच असेल आणि टीटीएल (नोंद इतरांनी किती वेळ साठवून ठेवावी ती मुदत) 86400 सेकंद असेल, तर किमान एक दिवस आधी तो 300 वर आणावा आणि जुनी मेलपेटी काही दिवस चालू ठेवावी.

मेल सर्व्हर गावातल्या कार्यालयात असेल तर विजेचा विचार गांभीर्याने करावा. सर्व्हर बंद असला तरी पाठवणारा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पण मेल पाठवण्याचे मानक आरएफसी 5321 त्यासाठी साधारणपणे किमान 4 ते 5 दिवसांचीच अपेक्षा ठेवते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-श्रीवर्धन भागातल्या कित्येक गावांत त्याहून कितीतरी अधिक काळ वीज नव्हती. अशा ठिकाणी एमएक्स किनारपट्टीपासून दूरच्या सर्व्हरकडेच असावा.

शेवटी दोन वेगवेगळ्या बाहेरच्या सेवांवरून पत्र पाठवून पाहावे. परत आलेल्या पत्रातला कोड 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती समजावी, 5 ने होत असेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करणार नाही, तेव्हा त्यातला मजकूर पूर्ण वाचून त्यात आलेले सर्व्हरचे नाव उतरवलेल्या नोंदीशी ताडून पाहावे.