शॉर्ट फिल्ममधला सरकणारा आवाज असा जुळवला

आमच्या गटाची पहिली शॉर्ट फिल्म नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात, ऐन मे महिन्यात शूट झाली. चित्र एका मोबाइलवर, आवाज कॉलर माइक लावून दुसऱ्यावर. एडिटिंगला बसलो तर चित्र-आवाज जुळवायला सुरुवातीला वाजवलेल्या टाळीपाशी सगळं जुळायचं, पण लांब शॉटच्या शेवटी ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे.

बरेच फोन सेकंदाला अगदी ठरावीक फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, घेत नाहीत. उजेड कमी झाला की फ्रेम रेट खालीवर होतो, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरना ते नीट झेपत नाही. म्हणून मी सगळ्या क्लिप्स आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून काढल्या. व्हिडिओ टॅबमध्ये शूटिंगचाच फ्रेम रेट दिला आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', म्हणजे न बदलणारा, निवडलं. दुसऱ्या फोनचा ऑडिओ ४८ किलोहर्ट्झचा (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) होता, एडिटिंगचा प्रोजेक्टही तसाच ठेवला. ओठ जुळले! टाळी शॉटच्या शेवटीही वाजवा, सरकलंय का ते लगेच कळतं.

राहिला कूलर. नागपूरच्या उन्हात तो बंद करा म्हणणं जिवावर येतं, पण त्याची घरघर संवादाखालून नंतर स्वच्छ निघत नाही. आम्ही टेकपुरता बंद, मध्ये चालू असं केलं. शिवाय तो बंद असताना सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड केला. संवादांच्या फटींमध्ये तोच भरला, म्हणून कट ऐकू येत नाहीत.