लढण्याआधी बुडण्याची तयारी

या खेळात बोट खरंच बुडते. जुन्या युद्धनौकेची 1:144 मापाची, रिमोटवर चालणारी प्रतिकृती, तिच्या बाजूंना 0.8 मिलिमीटर जाडीचा बाल्सा म्हणजे हलकं, मऊ लाकूड, आणि समोरच्या बोटीतून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने सुटणारे 4.5 मिलिमीटरचे पोलादी छर्रे. छर्रा बाल्सा फोडतो, पाणी आत शिरतं, पंप ते बाहेर फेकत राहतो. पंप कमी पडला की बोट तळाला जाते. 1970 च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये सुरू झालेला हा खेळ नागपुरात खेळायचा असेल, तर पहिल्या बोटीची सगळी तयारी ती बुडणारच हे धरून करा. तोफांचा विचार सगळ्यात शेवटी.

आधी जहाज ठरवा. खेळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतची जहाजं चालतात. नवशिक्याला बिस्मार्क किंवा यामातोसारखी अजस्र युद्धनौका बांधावीशी वाटते, पण तेवढं वजन उचलणं, फिरवणं आणि बुडाल्यावर ओढून काढणं पहिल्या वर्षी झेपत नाही. मी जुनी आयएनएस दिल्ली सुचवेन. आजची विनाशिका नव्हे, तर 1948 साली आपल्या नौदलात आलेली क्रूझर. त्याआधी ती अकिलीस या नावाने 13 डिसेंबर 1939 रोजी रिव्हर प्लेटच्या लढाईत ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेविरुद्ध लढली होती, आणि 1978 मध्ये निवृत्त झाली. मूळ लांबी 169 मीटर, रुंदी 17 मीटर. म्हणजे आपली बोट 117 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम 12 सेंटिमीटर रुंद होईल. अरुंद असल्यामुळे ती वळायला आळशी आणि कलायला तयार, हे मान्य. ज्याला हे नको त्याने दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी लिबर्टी मालवाहू जहाज घ्यावं: सरळ बाजू, एकच प्रोपेलर, आत भरपूर जागा, आणि तोफांशिवायही खेळात उतरता येतं. पण आपल्या नौदलाची बोट पाण्यात सोडण्याचा आनंद मला मोठा वाटतो.

मग वजनाचा हिशोब, आणि तो कागदावरच. माप 144 पट लहान झालं की वजन 144 च्या घनाने, म्हणजे 29,85,984 ने भागायचं. दिल्लीचं वजन रिकामी ते पूर्ण भरलेली असं धरून साधारण 7,000 ते 9,700 टन, म्हणून मॉडेल 2.4 ते 3.3 किलोच्या दरम्यान बसतं. 2.9 किलो धरून चाला. माझ्या अंदाजाने सांगाडा, डेक आणि बाल्सा मिळून 900 ग्रॅम, मोटर आणि शाफ्ट 350, बॅटरी 250, पंप 200, रिमोटचा संदेश घेऊन सुकाणू आणि वेग सांभाळणारे रिसीव्हर-सर्वो-स्पीड कंट्रोलर 200, तोफ आणि गॅसची व्यवस्था 600. उरलेले 400 ग्रॅम राखीव ठेवा, कारण रंग, तारा आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा चिकट गोंद) गुपचूप वजन वाढवतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा टेबलावर ठेवा आणि प्रत्येक भाग बसवण्याआधी तोलून वहीत लिहा. जड वस्तू तळाशी, मध्यरेषेवर. या बोटीत वर ठेवलेले 50 ग्रॅमही जाणवतात.

लाकडासाठी लकडगंज. 6 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय मागा, आणि विकत घेण्याआधी कडेला थर सुटलेले नाहीत ना ते पाहा. बरगड्या साधारण 3/8 इंच रुंद आणि मधे एक इंच मोकळी जागा, या हिशोबाने दिल्लीला 33 च्या आसपास बरगड्या लागतात. त्या मोकळ्या जागेतूनच छर्रा आत आला पाहिजे, म्हणून तिथे आडून पट्टी लावणं म्हणजे खेळाशी बेइमानी. बाल्साचे ताव सहसा तीन फुटांचे असतात, बोट त्याहून लांब, तेव्हा प्रत्येक बाजूला जोड येणार. तो बरगडीवर येईल असं आधीच आखा. बाल्सा शहरात सहज हाती लागत नाही. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा आणि दुप्पट मागवा, कारण भोकं बुजवून बुजवून बाजू शेवटी बदलावीच लागते. इपॉक्सी मंद सुकणारी घ्या. आपल्या मे महिन्यात पाच मिनिटांची इपॉक्सी ब्रश उचलेपर्यंत दगड होते.

आता पाणी. सगळ्यात जास्त वेळ याला द्या. पाण्याखाली दोन सेंटिमीटरवर पडलेल्या एका भोकातून मिनिटाला साधारण 350 मिलिलिटर पाणी आत येतं. तीन भोकं म्हणजे मिनिटाला लिटरभर. आणि या बोटीत किलोभर पाणी शिरलं की ती सेंटिमीटरभर खाली बसते. म्हणजे तीन भोकं पडूनही हातात काही मिनिटं असतात, पण पाणी आत मोकळं हिंदकळलं तर ती मिनिटं मिळत नाहीत. पाणी एका बाजूला धावतं, बोट कलते आणि बुडण्याआधीच उलटते. यावर उपाय आतला पन्हाळ. मध्यरेषेवर दीड-दोन इंच रुंद मार्ग सोडून दोन्ही बाजूंची खालची जागा हलक्या फोमने भरा आणि वर इपॉक्सी फिरवा. पाणी निमूटपणे मध्यातून पंपाकडे जाईल. पंप सर्वात खोल जागी, तोंडाला जाळी, कारण बाल्साचा एक भुगा त्याला थांबवतो.

पंप कोणता? कूलरचा पंप प्रत्येक घरात आहे, पण तो 230 व्होल्टवर चालतो, म्हणून बाद. ऑटो पार्ट्सच्या दुकानातला काच धुण्याचा डीसी पंप शिकायला पुरतो. लढाईला बिल्ज पंपाची, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची, छोटी मोटर बरी. खेळात पंपाच्या नळीचं तोंड 1/8 इंचापर्यंत मर्यादित असतं. चाचणी सोपी आहे: नळीचं तोंड सरळ वर धरा. धार मीटरभर उंच गेली तर पंप मिनिटाला सुमारे दोन लिटर फेकतो, म्हणजे तशी पाच-सहा भोकं सांभाळतो. धार गुडघ्यापर्यंतच गेली तर पंप बदला.

विजेचं सामान भिजणार हे गृहीत धरा. बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, दोन सेलची. लिपो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीपेक्षा शांत स्वभावाची. बॅटरीजवळच फ्यूज. रिसीव्हर झाकणाच्या डब्यात, त्याची अँटेना डेकच्या वर, कारण 2.4 गिगाहर्ट्झचा संदेश पाण्याखाली पोहोचत नाही. आणि एक भडक केशरी तरंगता ठोकळा, त्याला नायलॉनचा दोर, दोराचं दुसरं टोक सांगाड्याला. बोट तळाला गेली की ठोकळा सुटून वर यायला हवा. अंगणातल्या हौदात किंवा मुलांच्या फुगवायच्या टबमध्ये बोट मुद्दाम बुडवून हे तपासा. ठोकळा वर येईपर्यंत तोफेला हात लावू नका.

तोफ आणि गॅस घरच्या भंगारातून जुळवायचा नाही. खेळात दाब रेग्युलेटरने 150 पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला 150 पौंड) खाली आणलेला असतो. प्रत्येक जोड त्या कामासाठीच बनलेला हवा आणि पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच भरा. नागपूरकरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रव राहत नाही आणि बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बाटली ठेवणं धोक्याचं. भरताना तोलून भरा, काठोकाठ नको. म्हणूनच लढाया नोव्हेंबर ते जानेवारीत ठेवा, आणि पावसाळ्याचे महिने बांधकामाला.

जागेसाठी फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचा विचार सोडा. काठावर फिरणारी माणसं असतात आणि छर्रा माणूस ओळखत नाही. शहराबाहेर कोणा ओळखीच्या भाऊंचं शेततळं मिळालं तर उत्तम, पण त्याचा प्लास्टिकचा उतार ओला झाला की माणूस वर चढू शकत नाही. आत उतरायचं ते पाणी कमरेखाली असेल तेव्हाच, लाइफ जॅकेट घालून, काठावर बांधलेला जाड दोर आणि एक माणूस बाहेर. शेतमालकाची परवानगी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधी विचारणा, दोन्ही करा.

निघताना पिशवीत: बघ्यांसकट सगळ्यांसाठी सेफ्टी चष्मे, तोफेच्या नळीत घालायचे बूच, जादा फ्यूज, टिश्यू कागद आणि सुपरग्लू भोकं बुजवायला, बाल्साच्या पट्ट्या, टॉवेल, स्वच्छ पाण्याचा कॅन. चष्मा नाही त्याला काठावर जागा नाही, मग तो कितीही मोठा पाहुणा असो. बोट वर काढली की प्रथम गॅस बंद, मग बॅटरी बाहेर, मग स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत उलटी ठेवा. शाफ्टला तेल त्याच संध्याकाळी.