उष्ण हवामानात होस्टा कधी आणि कसा लावावा

होस्टा हे पानांसाठी लावलं जाणारं, सावलीत वाढणारं शोभेचं झाड. ते लावायचं उन्हाळा ओसरल्यावर, शरद ऋतूत. मुळांना जम बसवायला थंडीचे महिने मिळतात. तेव्हा जमलं नाही तर कडक ऊन सुरू होण्याआधी, वसंताच्या अगदी सुरुवातीला लावा.

खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. मातीत कुजलेलं कंपोस्ट भरपूर मिसळा. कोंब जिथून फुटतात तो भाग मातीच्या पातळीवरच राहू द्या. तो पुरला गेला किंवा पालापाचोळ्याखाली झाकला, तर उष्ण-दमट हवेत बुडाशी बुरशी धरते आणि पानं देठासकट गळून पडतात. म्हणून आच्छादन 5 सेंटीमीटरच, तेही बुडापासून चार बोटं दूर. पाणी सकाळी, मुळाशी, खोलवर.

सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं मात्र पानांच्या कडा करपवतं.

एक गोष्ट आधीच तपासा: होस्टाला हिवाळ्यात काही आठवडे 5 अंशांच्या आसपासची थंडी लागते. ती मिळाली नाही तर दरवर्षी कोंब कमी फुटतात आणि झाड खुरटतं. हिवाळा सौम्य असेल तर होस्टा प्लांटाजिनिया ही जात किंवा तिचे सुवासिक संकर निवडा. उष्णता त्यांना जास्त सोसते.