शार्त्रचे कॅथीड्रल कसे पाहावे

पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून निघालेली गाडी तासाभराहून थोड्या अधिक वेळात शार्त्रला पोहोचते आणि स्थानकाबाहेर पडताच कॅथीड्रलचे दोन असमान मनोरे दिसू लागतात. येणारे बहुतेक प्रवासी सरळ आत शिरतात, निळ्या काचा पाहून थक्क होतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. ही वास्तू समजून घ्यायची असेल, तर निदान अर्धा दिवस राखून ठेवावा, दुर्बीण सोबत घ्यावी आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : यात्रेकरूंची गर्दी सामावण्यासाठी आणि एका पूज्य वस्त्राचा मान राखण्यासाठी येथे काय केले आहे?

त्या वस्त्राची हकिगत आधी माहीत करून घ्यावी. येशूच्या जन्माच्या वेळी मेरीच्या अंगावर होते असे मानले जाणारे हे वस्त्र परंपरेनुसार ८७६च्या सुमारास राजा शार्ल द बाल्ड याने शार्त्रला दिले आणि या गावाचे तीर्थक्षेत्र झाले. १०२० मध्ये जुने चर्च जळाल्यावर बिशप फुल्बेर याने एक विस्तीर्ण तळघर आणि त्यावर नवे चर्च उभारले. १० जून ११९४च्या रात्री तेही जळाले. वस्त्र नष्ट झाले अशी समजूत होऊन गावावर शोककळा पसरली. परंतु काही दिवसांनी ते तळघरातून सुखरूप बाहेर आले आणि पोपचा प्रतिनिधी असलेल्या कार्डिनल मेलिओर याच्या आवाहनामुळे लोक अधिक भव्य चर्च बांधण्यास सिद्ध झाले. ही कथा निधी उभारणाऱ्यांच्या किती सोयीची होती, हे वेगळे सांगायला नको. मुख्य छते १२२०च्या सुमारास पूर्ण झाली आणि २४ ऑक्टोबर १२६० रोजी चर्चचे विधिवत समर्पण झाले. इतक्या अवाढव्य कामाचा गाभा एवढ्या थोड्या काळात उरकल्यामुळेच येथे इतर कॅथीड्रलांच्या मानाने अधिक एकसंधपणा आढळतो.

पाहणीची सुरुवात पश्चिम दर्शनी भागापासून करावी. खालचे राजद्वार आणि त्यावरच्या तीन उभ्या खिडक्या ११९४च्या आगीतून वाचलेल्या आहेत, तर त्यांच्यावरची वर्तुळाकार गुलाबखिडकी आगीनंतरची आहे; म्हणजे एकाच भिंतीवर दोन कालखंडांमधली सीमा डोळ्यांनी पाहता येते. उजवीकडचा साधा, सुमारे १०५ मीटर उंच मनोरा १२व्या शतकातला आहे. डावीकडच्या मनोऱ्याचे लाकडी शिखर १५०६ मध्ये वीज पडून जळाले आणि जेआँ द बोस याने त्या जागी नक्षीदार दगडी शिखर चढवले. राजद्वारावरच्या २४ स्तंभमूर्तींपैकी आज १९ उरल्या आहेत. त्यांची ताणलेली शरीरे स्तंभाची शिस्त पाळतात, चेहरे मात्र एकेका माणसाचे वाटतात. उजव्या दाराच्या कमानीत सात विद्यांच्या आकृती आहेत; त्यांत छडी उगारलेले व्याकरण आणि त्याच्यासमोरची दोन मुले अवश्य शोधावीत. शार्त्र त्या काळी विद्येचे नामांकित केंद्र होते, याची ती आठवण आहे.

त्यानंतर लगेच आत न जाता दक्षिणेच्या बाजूने इमारतीला वळसा घालावा, कारण आतल्या प्रकाशाचे गुपित बाहेरच आहे. दगडी छताचा भार फक्त खाली जात नाही, तो भिंतींना बाहेरच्या दिशेनेही रेटतो. टोकदार कमानी आणि छताच्या फासळ्या हा रेटा ठरावीक बिंदूंवर गोळा करतात आणि तेथे फ्लाइंग बट्रेस, म्हणजे हवेतून झेपावणारे दगडी टेकू, तो उचलून बाहेरच्या भक्कम खांबांवर नेऊन सोडतात. शार्त्रमध्ये खालच्या दोन कमानी चाकाच्या आऱ्यांसारख्या छोट्या खांबांनी एकमेकींना जोडल्या आहेत. दुर्बिणीतून हा भाग सावकाश पाहावा. पूर्वीच्या अनेक चर्चमध्ये बाजूच्या दालनावर आणखी एक मजली सज्जा असे आणि भिंतीला आधार देण्याचे काम तो करी. येथील अनामिक स्थपतीने तो सज्जाच वगळला आणि वाचलेली उंची वरच्या खिडक्यांना दिली. माझ्या मते संपूर्ण इमारतीतील सर्वांत धाडसी निर्णय हाच आहे.

क्रुसाच्या आकाराच्या या इमारतीच्या आडव्या भुजांच्या दोन्ही टोकांच्या दारांपैकी उत्तरेकडे मुख्यतः बायबलच्या जुन्या करारातील व्यक्ती आणि मेरीचा गौरव, तर दक्षिणेकडे अंतिम न्यायाचा दिवस कोरलेला आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आत गेल्यावर काही मिनिटे स्वस्थ उभे राहून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. मग भिंत खालून वर तीन थरांत पाहावी : मोठ्या कमानी, अरुंद मधली ओळ आणि कमानींशी उंचीत बरोबरी करणाऱ्या खिडक्या. छत सुमारे ३७ मीटर उंच आहे. खांब पाहताना एक खेळ लक्षात येतो. गोल गाभ्याला अष्टकोनी उपस्तंभ, तर पुढच्या अष्टकोनी गाभ्याला गोल उपस्तंभ, असा क्रम आळीपाळीने चालतो. जमिनीवर सुमारे १३ मीटर व्यासाचा चक्रव्यूह आहे, परंतु एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. तो चालून पाहायचा असेल, तर लेंट (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) ते शरद ऋतू या काळातला शुक्रवार निवडावा आणि निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. भिंतींचा फिकट रंग पाहून काहींचा विरस होतो. २००९ पासून झालेल्या सफाईवर बरीच टीकाही झाली. पण जो गूढ काळोख गेला, तो बव्हंशी काजळीचा होता आणि मध्ययुगातही भिंती फिकट रंगवलेल्याच होत्या, हे टीकाकारांनी विसरू नये.

काचचित्रांसाठी सर्वाधिक वेळ ठेवावा. खिडक्या १७६ आहेत. सगळ्या पाहण्याचा हट्ट धरला तर एकही नीट पाहून होत नाही, म्हणून तीन-चार निवडाव्यात. पहिली दक्षिणेच्या बाजूदालनातील, येशूने सांगितलेल्या भल्या शोमरोनीच्या कथेची. काचचित्रे बहुधा खालून वर वाचायची असतात. येथे तळाशी मोची काम करताना दिसतात, त्यांच्यावर लुटला गेलेला वाटसरू आणि त्याला उचलणारा परका माणूस येतो, आणि आणखी वर आदम व हव्वा यांची निर्मिती व पतन. लुटला गेलेला तो माणूस म्हणजे पतित मानवजात, असा अर्थ या क्रमातूनच उलगडतो. अशा कारागिरांची चित्रे अनेक खिडक्यांत आहेत. ते खरोखर देणगीदार होते की नाही, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दुसरी खिडकी निळ्या वस्त्रातील मेरीची, जिचा मधला भाग ११८०च्या सुमारासचा, म्हणजे आगीपूर्वीचा आहे. तिसरी उत्तरेची गुलाबखिडकी. तिच्यातील लिलीची फुले आणि किल्ले ही फ्रान्सच्या राजघराण्याची व राणी ब्लाँश द कास्तीय हिच्या माहेरची चिन्हे होत. दक्षिणेच्या गुलाबखिडकीखाली चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणारे, जुन्या करारातील चार संदेष्ट्यांच्या खांद्यांवर बसलेले आहेत. पश्चिमेच्या खिडक्या मात्र दुपार कलल्यावरच पाहाव्यात.

वेदीमागे दुहेरी प्रदक्षिणामार्ग आहे. प्रार्थनेत व्यत्यय न येता यात्रेकरूंना मागून फिरता यावे, हा त्याचा उपयोग. वस्त्राचा उरलेला भाग याच मार्गालगतच्या एका कक्षात जपलेला आहे. १७१२ मध्ये पेटी उघडली तेव्हा अंगरखा नव्हे, तर एक लांब कापड निघाले होते. फुल्बेरचे तळघर मार्गदर्शकासोबतच पाहता येते, त्यामुळे आल्याबरोबर त्या फेरीची वेळ विचारून घ्यावी आणि बाकीचा क्रम तिच्याभोवती बसवावा. गुडघे साथ देत असतील, तर उत्तर मनोऱ्यावरही जावे : १८३६च्या आगीत जुने लाकडी छप्पर गेल्यानंतर लोखंडी सांगाड्यावर बसवलेले, आता हिरवे पडलेले तांब्याचे छप्पर तेथून जवळून दिसते.